मूळव्याधीवरील आयुर्वेदिक उपचार: नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी क्रमवार मार्गदर्शन

मूळव्याधीवर कोणते औषध घ्यावे, हा प्रश्न बहुतेक रुग्ण सर्वांत आधी विचारतात. प्रत्यक्षात तो तिसरा किंवा चौथा प्रश्न आहे. त्याआधी हा आजार मूळव्याधच आहे का, असल्यास तो कोरड्या प्रकारचा आहे की रक्त पडणारा, मोड किती बाहेर येतात आणि शौचाची अवस्था काय आहे, या गोष्टी निश्चित व्हाव्या लागतात. आयुर्वेदात या व्याधीला अर्श म्हणतात. शत्रूप्रमाणे माणसाला छळणारे मांसाचे अंकुर, अशी प्राचीन आयुर्वेद ग्रंथकार वाग्भटाने त्या शब्दाची फोड केली आहे, आणि सुश्रुताने अर्शाची गणना बरे होण्यास कठीण अशा आठ महागदांत केली आहे. ज्या शास्त्राने हा आजार इतका गंभीर मानला, त्याच शास्त्राच्या नावाने केवळ एखादी वटी आणून खाणे आणि बाकी काहीही न बदलणे योग्य नाही. पुढील क्रम त्यासाठीच सांगितला आहे.

पहिली पायरी: निदान

शौचाच्या वेळी रक्त दिसले म्हणजे मूळव्याधच, असा समज सर्वत्र आहे आणि तो धोकादायक आहे. आतल्या मोडांमधून पडणारे रक्त लालभडक असते, ते मळात मिसळलेले नसून मळाला वरून लागलेले असते किंवा शौचानंतर थेंबाथेंबाने अथवा धारेने पडते, आणि बहुतेक वेळा त्या वेळी दुखत नाही. शौच करताना कातरल्यासारखी तीव्र वेदना होत असेल आणि ती नंतर तास-दोन तास टिकत असेल, तर तो बहुधा गुदद्वाराला पडलेली भेग, म्हणजे फिशर असतो. आयुर्वेदात त्याला परिकर्तिका म्हणतात. गुदद्वाराजवळच्या एखाद्या छिद्रातून वारंवार पू येत असेल तर भगंदराचा विचार करावा लागतो. गुदद्वाराच्या कडेला एकाएकी निळसर, टणक आणि अतिशय दुखणारी गाठ आली, तर बाहेरच्या मोडात रक्त गोठलेले असण्याची शक्यता असते. अशा वेळी पहिल्या दोन-तीन दिवसांत शल्यचिकित्सकाला दाखवल्यास लहानशा छेदाने ते गोठलेले रक्त काढून लवकर आराम देता येतो; नंतर मात्र वेदना आपोआप उतरू लागते आणि छेदाचा फारसा उपयोग राहत नाही.

काही लक्षणे अशी आहेत की ती असताना घरगुती किंवा दुकानातून आणलेल्या कोणत्याही औषधाने दिवस ढकलू नयेत. मळाचा रंग डांबरासारखा काळा असणे, रक्त मळात मिसळून येणे, सोबत आव किंवा शेम पडणे, काही आठवड्यांपासून शौचाची नेहमीची पद्धत बदललेली असणे, कारण नसताना वजन घटणे, पोटात गोळा जाणवणे, घरात कोणाला मोठ्या आतड्याचा कर्करोग झालेला असणे, किंवा वयाच्या ४५ वर्षांनंतर प्रथमच रक्त पडू लागणे, यांपैकी काहीही असल्यास कोलोनोस्कोपीसारखी (दुर्बिणीने मोठे आतडे पाहण्याची) तपासणी करावी की नाही, हे डॉक्टरांनी ठरवायला हवे. चक्कर, धाप, छातीत धडधड किंवा थांबत नसलेला रक्तस्राव असेल, अथवा तीव्र वेदनेबरोबर ताप किंवा लघवी अडणे असेल, तर थेट रुग्णालयात जावे. मोठ्या आतड्याचा किंवा गुदाचा कर्करोग असलेले कित्येक रुग्ण सुरुवातीला मूळव्याध समजूनच उपचार घेत राहतात, म्हणून हा मुद्दा मी सर्वांत आधी आणि इतक्या विस्ताराने लिहीत आहे.

तपासणीची लाज हा यातला मोठा अडथळा आहे. तपासणी काही मिनिटांची असते. रुग्णाला कुशीवर झोपवून, हातमोजा घातलेल्या बोटाने आणि मग प्रॉक्टोस्कोप नावाच्या लहान नळीने आतली बाजू पाहिली जाते. ही नळी आधुनिक वाटत असली तरी तिची कल्पना जुनी आहे: प्राचीन शल्यतंत्रात गाईच्या सडाच्या आकाराचे अर्शोयंत्र वर्णिलेले आहे, त्याला आत पाहण्यासाठी आणि औषध लावण्यासाठी छिद्रे असत आणि पुरुष व स्त्री यांच्यासाठी त्याची मापे वेगवेगळी सांगितली आहेत. मोड डोळ्यांनी पाहिल्याशिवाय उपचार ठरवू नयेत, हा आग्रह आयुर्वेदाचाच आहे. बरेच दिवस रक्त जात असेल तर हिमोग्लोबिनची तपासणीही याच वेळी करून घ्यावी.

दुसरी पायरी: प्रकार आणि अवस्था समजून घेणे

ग्रंथांमध्ये अर्शाचे सहा प्रकार दिले असले तरी नवख्या माणसाने एक ढोबळ विभागणी लक्षात ठेवली तरी पुरे. शुष्क अर्शात वात आणि कफ यांचे प्राबल्य असते: मोड कोरडे, टणक किंवा बुळबुळीत, बद्धकोष्ठ, पोट फुगणे, ठणका किंवा जडपणा, आणि रक्त जवळजवळ नाही. आर्द्र किंवा स्रावी अर्शात पित्त आणि रक्त बिघडलेले असते: मोड मऊ आणि लाल, आग, आणि रक्तस्राव. याला बोलीभाषेत रक्ती मूळव्याध म्हणतात. या दोन प्रकारांचे उपचार बऱ्याच ठिकाणी एकमेकांच्या विरुद्ध जातात. कोरड्या प्रकाराला मानवणारी चित्रकासारखी तिखट-उष्ण औषधे रक्ती मूळव्याधीत रक्त वाढवू शकतात. शेजाऱ्याला लागू पडलेले औषध आपल्याला अपाय करते, यामागे बहुधा हेच कारण असते.

दुसरे मोजमाप आधुनिक शल्यशास्त्राचे आहे आणि आज वैद्यही तेच वापरतात. पहिल्या श्रेणीत मोड आतच राहतात आणि केवळ रक्त पडते. दुसऱ्या श्रेणीत कुंथताना ते बाहेर येतात आणि आपोआप आत जातात. तिसऱ्या श्रेणीत ते बोटाने आत ढकलावे लागतात, आणि चौथ्या श्रेणीत ते बाहेरच राहतात. पोटात घेण्याच्या औषधांचा आणि पथ्याचा खरा उपयोग पहिल्या दोन श्रेणींत होतो. तिसऱ्या-चौथ्या श्रेणीतील मोड केवळ गोळ्यांनी गळून पडतील, असे आश्वासन कोणी देत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये.

तिसरी पायरी: शौच आणि अग्नी

संपूर्ण उपचाराचा पाया येथे आहे. आयुर्वेदाच्या मते अर्श, अतिसार (जुलाब) आणि ग्रहणी (पचन बिघडून शौच वारंवार बिघडणे) हे तीन विकार एकमेकांना कारण होतात आणि तिघांच्याही मुळाशी मंदावलेला अग्नी, म्हणजे पचनशक्ती, असतो. अग्नी मंद झाला की मळ बिघडतो, कधी खडा होतो तर कधी चिकट, तो बाहेर टाकण्यासाठी कुंथावे लागते, आणि कुंथण्याने गुदाच्या आतील रक्तवाहिन्यांनी भरलेल्या गाद्या खाली सरकतात आणि फुगतात. आधुनिक शास्त्रही हेच म्हणते: या गाद्या प्रत्येकाच्या शरीरात असतातच आणि वायू व मळ रोखून धरायला त्या मदत करतात, त्यांना धरून ठेवणारे धागे सैल पडले की त्या मोड म्हणून जाणवू लागतात. म्हणून औषधाच्या आधी कुंथणे थांबले पाहिजे.

शौचाला जाण्याची वेळ ठरावीक असावी, शक्यतो सकाळी किंवा जेवणानंतर, कारण त्या वेळी आतड्यांची हालचाल स्वभावतःच वाढलेली असते. वेग आल्यावर तो अडवू नये आणि वेग नसताना बळेच बसू नये. वेगधारण आणि प्रवाहण, म्हणजे आलेला वेग रोखणे आणि जोर करून कुंथणे, ही दोन्ही ग्रंथांनी अर्शाची कारणे म्हणून सांगितली आहेत. पाच मिनिटांपेक्षा अधिक वेळ बसू नये आणि मोबाइल किंवा वर्तमानपत्र सोबत नेऊ नये. कमोड वापरणाऱ्यांनी पायांखाली छोटे पाट किंवा स्टूल घेऊन गुडघे कमरेपेक्षा किंचित वर ठेवावेत. त्यामुळे आतड्याच्या शेवटच्या भागातील वळण सरळ होते आणि जोर कमी लागतो. उकिडवे बसणे हे मूळव्याधीवरील औषधच आहे, असे अनेकदा सांगितले जाते. परंतु ग्रंथांत उत्कटुकासनात, म्हणजे उकिडव्या स्थितीत, फार वेळ बसणे हे अर्शाच्या कारणांमध्ये दिलेले आहे. शौच सुलभ करण्यापुरती ती बैठक उपयोगी आहे, तासन्‌तास काम करण्यासाठी नाही. हीच गोष्ट एका जागी बराच वेळ बसून राहण्याची आणि सतत वाहनावरून प्रवास करण्याची.

आहारात पहिला बदल तंतुमय पदार्थांचा. कोंड्यासह दळलेली धान्ये, मूग, कुळीथ, पडवळ, दुधी, पालेभाज्या आणि सालीसकट खाता येणारी फळे यांचे प्रमाण हळूहळू वाढवावे. एकदम वाढवल्यास पोट फुगते. प्रौढ व्यक्तीच्या आहारात दिवसाला साधारण २५ ते ३० ग्रॅम तंतू असावेत, आणि त्यांच्यासोबत पुरेसे पाणी नसेल तर तेच तंतू मळ अधिक घट्ट करतात. आहारातील तंतू वाढवल्याने मूळव्याधीतील रक्तस्राव कमी होतो, हे आधुनिक चाचण्यांतही दिसून आले आहे. मैद्याचे पदार्थ, तळलेले पदार्थ, अति तिखट, मद्य, शिळे अन्न आणि आधीचे पचण्यापूर्वीच पुन्हा खाणे, ही टाळण्याची यादी आहे. रक्ती प्रकारात आंबट, खारट आणि तिखट यांवर अधिक बंधन असते.

ताकाबद्दल थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक आहे, कारण अर्शाच्या उपचारात त्याला मिळालेला मान दुसऱ्या कोणत्याही पथ्याला नाही. वात-कफप्रधान अर्शात ताकाहून श्रेष्ठ औषध नाही, असे चरकाने स्पष्ट म्हटले आहे, आणि अवस्थेनुसार ते सात दिवस, दहा दिवस, पंधरा दिवस किंवा महिनाभर देण्यास सांगितले आहे. मात्र ताक म्हणजे पाणी घातलेले दही नव्हे. चांगले विरजलेले, आंबट न झालेले ताजे दही घ्यावे, त्यात दह्याच्या चौथाई पाणी घालून रवीने घुसळावे आणि लोणी काढावे. अग्नी फारच मंद असेल तर सगळे लोणी काढलेले, मध्यम असेल तर अर्धे काढलेले आणि अग्नी चांगला असेल तर लोण्यासकट ताक द्यावे, इतका बारीक विचार ग्रंथात आहे. त्यात भाजलेल्या जिऱ्याची पूड, थोडा ओवा आणि चिमूटभर सैंधव घालून दुपारच्या जेवणासोबत किंवा जेवणानंतर एक वाटी ते एक पेला घ्यावे. चित्रकमुळाचा लेप लावलेल्या मडक्यात दही विरजून त्याचे ताक करावे, असाही एक प्रसिद्ध प्रयोग आहे; परंतु चित्रक अतिशय तीक्ष्ण असल्याने तो वैद्याच्या देखरेखीखालीच करावा. अंगाचा दाह होत असताना, चक्कर येत असताना, कडक उन्हाळ्यात आणि रक्तपित्ताच्या, म्हणजे शरीरातून रक्त वाहण्याच्या, विकारात ताक वर्ज्य सांगितले आहे, म्हणून रक्ती मूळव्याधीच्या रुग्णाने ते विचारल्याशिवाय सुरू करू नये. ज्यांना रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा विकार आहे त्यांनी सैंधव घालू नये; सैंधव हेही मीठच आहे.

सुरणाचे एक नाव अर्शोघ्न, म्हणजे अर्शाचा नाश करणारा, असे आहे. कोरड्या मूळव्याधीत त्याची भाजी आठवड्यातून दोन-तीन वेळा खावी. सुरणात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असल्याने कच्चा किंवा अर्धवट शिजलेला सुरण घशाला खाजतो. तो चिंच किंवा कोकम घालून नीट शिजवावा. मूतखड्याची प्रवृत्ती असलेल्यांनी मात्र तो टाळलेला बरा.

चौथी पायरी: पोटात घेण्याची औषधे

येथे दिलेली माहिती वैद्याशी बोलताना उपयोगी पडावी, यासाठी आहे. सौम्य औषधे काही दिवस स्वतः घेता येतात, बाकीची नाहीत, आणि हा फरक मी प्रत्येक ठिकाणी नोंदवला आहे.

मळ मऊ करण्यासाठी सर्वांत निर्धोक म्हणजे इसबगोल. एक ते दोन चमचे भुसा पेलाभर पाण्यात घालून लगेच प्यावा आणि त्यावर आणखी थोडे पाणी प्यावे. कोरडा भुसा कधीही गिळू नये. तो घशात किंवा अन्ननलिकेत फुगून अडकू शकतो. इतर औषधे आणि इसबगोल यांत दोन तासांचे अंतर ठेवावे. दुसरे नित्याचे औषध त्रिफळा चूर्ण: हिरडा, बेहडा आणि आवळा. रात्री झोपताना तीन ग्रॅम, कोमट पाण्यासोबत. जुलाब होऊ लागल्यास मात्रा निम्मी करावी. जेवणापूर्वी हिरड्याचे चूर्ण गुळासोबत घेण्याचा प्रयोगही अर्शात सांगितला आहे आणि कोरड्या प्रकारात तो चांगला मानवतो. मधुमेही रुग्णांनी आणि गर्भवती स्त्रियांनी तो करू नये. सोनामुखी असलेली तयार चूर्णे मात्र रोजची सवय करून घेऊ नयेत. त्यांनी त्या दिवसापुरते पोट साफ होते, पण हळूहळू आतडे त्यांच्यावर अवलंबून राहते आणि वारंवार पातळ शौच झाल्यानेही मोड चिडतात.

कोरड्या प्रकारात वैद्य बहुधा अभयारिष्ट, तक्रारिष्ट, कांकायन वटी किंवा चित्रकादि वटी यांमधून निवड करतात. अभयारिष्टाची प्रौढांसाठी नेहमीची मात्रा १५ ते २० मिलिलिटर, तितक्याच पाण्यासोबत जेवणानंतर, अशी असते. आसव-अरिष्टे आंबवून तयार होतात, त्यामुळे त्यांत आपोआप तयार झालेले थोडे मद्यार्क आणि पुष्कळ गूळ असतो. मधुमेह, यकृताचे विकार, गर्भारपण किंवा मद्य वर्ज्य असलेली कोणतीही स्थिती असल्यास ते वैद्याला आधी सांगावे.

रक्ती प्रकारात नागकेशर हे नाव सर्वांत आधी येते. नागकेशराचे चूर्ण लोणी आणि खडीसाखरेसोबत घ्यावे, तसेच लोणी आणि तीळ नियमित खावेत, असे प्रयोग चरकाने रक्तार्शात सांगितले आहेत. कुड्याच्या सालीची औषधे रक्त थांबवण्यासाठी आणि सोबत चिकट शौच होत असल्यास वापरतात, परंतु कुडा मळ बांधतो, म्हणून खडा होणाऱ्या रुग्णाला तो एकटा दिल्यास त्रास वाढतो. बाजारात मिळणाऱ्या नागकेशरात भेसळ होते आणि त्या नावाने वेगवेगळ्या वनस्पती विकल्या जातात. खात्रीच्या ठिकाणाहूनच ते घ्यावे. बिघडलेले रक्त सुरुवातीला वाहू द्यावे, लगेच अडवू नये, असाही विचार ग्रंथांत आहे. मात्र तो बलवान रुग्णासाठी आणि वैद्य समोर असताना केलेला विचार आहे, त्याचा आधार घेऊन घरी रक्त जाऊ देणे चुकीचे आहे. पंडुत्व, म्हणजे रक्त कमी होऊन फिकटपणा, आले असल्यास लोहयुक्त औषध लागते. त्याने मळ काळा आणि घट्ट होतो, हे आधीच माहीत असावे, नाहीतर रुग्ण घाबरतो किंवा औषध सोडून देतो.

दोन प्रकारच्या औषधांना स्वतःहून हात लावू नये. एक बिब्बा, म्हणजे भल्लातक. शुष्क अर्शात तो प्रभावी मानला जातो, परंतु त्याच्या तेलाने त्वचेवर आणि तोंडात तीव्र दाह व फोड येऊ शकतात. शुद्धी, मात्रा, ऋतू आणि प्रकृती पाहूनच तो दिला जातो. दुसरे म्हणजे पारा, गंधक आणि धातूंची भस्मे असलेली रसौषधे, उदाहरणार्थ अर्शकुठार रस. ती ठरावीक मात्रेत, ठरावीक दिवस आणि नोंदणीकृत वैद्याच्या चिठ्ठीनेच घ्यावीत. नाव-पत्ता नसलेल्या पुड्या, घटक न सांगता दिलेल्या गोळ्या आणि एका दिवसात मूळव्याध बरी करण्याची जाहिरात असलेली औषधे घेऊ नयेत. वेष्टनावर घटकांची यादी, उत्पादन परवान्याचा क्रमांक, बॅच क्रमांक, निर्मितीची तारीख आणि वापराची मुदत छापलेली असलीच पाहिजे.

पाचवी पायरी: शेक आणि बाहेरून लावण्याची औषधे

अवगाह स्वेद, म्हणजे कोमट पाण्याच्या टबात बसणे, हा उपाय करायला सोपा आहे आणि वेदनेवर तो लगेच जाणवतो. कंबर बुडेल इतक्या पाण्यात दहा ते पंधरा मिनिटे, दिवसातून दोन-तीन वेळा आणि विशेषतः शौचानंतर बसावे. पाणी अंगाला सुखद वाटेल इतकेच कोमट असावे. कढत पाण्याने मोड भाजतात आणि रक्त वाढते. त्यात त्रिफळ्याचा किंवा पंचवल्कलाचा काढा गाळून घालता येतो. पंचवल्कल म्हणजे वड, पिंपळ, औदुंबर, पारोसा पिंपळ आणि पायर यांच्या साली. त्या तुरट असल्याने स्राव आणि सूज कमी होण्यास मदत होते. नंतर मऊ कापडाने टिपून जागा कोरडी करावी, घासू नये आणि सुगंधी साबण लावू नये.

लावण्यासाठी जात्यादि तेल किंवा जात्यादि घृत बहुधा वापरले जाते. त्यात मोरचूद असते, म्हणून ते केवळ बाहेरून लावायचे आहे. कासीसादि तेलाचे काम वेगळे आहे: ते क्षारासारखे, म्हणजे दाहक पदार्थासारखे, कार्य करून मोड झिजवते, त्यामुळे निरोगी त्वचेवर लागल्यास इजा होते. ते वैद्यानेच लावावे.

सहावी पायरी: औषधाने भागत नसेल तर

सुश्रुताने अर्शाच्या चिकित्सेचे चार मार्ग सांगितले आहेत: औषध, क्षार, अग्नी (म्हणजे येथे डाग देणे) आणि शस्त्र. कोणता मार्ग कोणासाठी, हेही त्याने सांगून ठेवले आहे. थोड्या काळापासून असलेले, सौम्य लक्षणांचे आणि उपद्रव नसलेले अर्श औषधाने. मऊ, पसरलेले आणि उंच आलेले क्षाराने. खरबरीत, स्थिर, रुंद आणि कठीण अर्श अग्नीने. आणि बारीक देठाचे, उंच व ओलसर अर्श शस्त्राने हाताळावेत. सहा-आठ आठवडे पथ्य आणि औषध नीट पाळूनही रक्त थांबत नसेल किंवा मोड बाहेर येतच असतील, तर उरलेल्या तीन मार्गांचा विचार करणे हे आयुर्वेद सोडणे नव्हे. तो आयुर्वेदाचाच पुढचा टप्पा आहे.

क्षारकर्मात आघाड्याच्या राखेपासून तयार केलेला तीक्ष्ण क्षार, अर्शोयंत्रातून फक्त मोडावर लावतात. शंभर मात्रा, म्हणजे ऱ्हस्व अक्षरे, उच्चारण्याइतका वेळ तो ठेवला जातो आणि मोडाला पिकलेल्या जांभळासारखा रंग आला की लिंबाच्या रसाने किंवा तत्सम आम्लाने धुऊन क्षाराचे कार्य थांबवले जाते. सर्व मोड एकाच वेळी न हाताळता एकेक मोड सात दिवसांच्या अंतराने घ्यावा, असा मूळ नियम आहे. आज रुग्णाची अवस्था पाहून आणि भूल देऊन यात बदल केले जातात. ही क्रिया प्रामुख्याने दुसऱ्या आणि तिसऱ्या श्रेणीच्या आतल्या मोडांसाठी आहे. क्षार कमी पडला तर मोड उरतो आणि जास्त झाला तर जखम खोल होते व पुढे गुदद्वार आकसू शकते, म्हणून हे काम हातावर अवलंबून आहे.

क्षारसूत्र हे नाव अनेकांनी ऐकलेले असते. लिननच्या धाग्यावर निवडुंगाचा चीक, आघाड्याचा क्षार आणि हळद यांची एकूण २१ पुटे चढवून ते तयार करतात: पहिली ११ केवळ चिकाची, पुढची ७ चीक आणि क्षाराची, शेवटची ३ चीक आणि हळदीची. मोठ्या, देठ असलेल्या मोडांच्या मुळाशी ते बांधले जाते. रक्तपुरवठा थांबून आणि क्षाराच्या कार्याने मोड काही दिवसांत गळून पडतो. या धाग्याविषयीचा सर्वांत ठोस पुरावा मात्र भगंदराबाबत आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बहुकेंद्रीय चाचणीत भगंदर पुन्हा होण्याचे प्रमाण क्षारसूत्राने ४ टक्के आणि शस्त्रक्रियेने ११ टक्के आढळले, जखम भरण्यास मात्र क्षारसूत्राला अधिक वेळ लागला. हे आकडे मूळव्याधीच्या जाहिरातीत वापरलेले दिसले तर ते कोणत्या आजाराचे आहेत, हे विचारावे.

रबर बँड लावणे, मोड काढून टाकण्याची शस्त्रक्रिया किंवा स्टेपलर पद्धत हे आधुनिक पर्यायही याच टप्प्यावर समोर ठेवून तुलना करावी. चौथ्या श्रेणीत, मोठ्या बाहेरच्या मोडांत आणि वारंवार रक्त जाऊन पंडुत्व आलेल्या रुग्णात शस्त्रक्रिया पुढे ढकलण्यात लाभ नसतो.

वैद्य निवडताना आणि त्यांच्याशी बोलताना

औषधोपचारासाठी बीएएमएस ही आयुर्वेदाची पदवी आणि राज्य परिषदेची नोंदणी असलेला वैद्य असावा. क्षारकर्म, क्षारसूत्र किंवा अग्निकर्म करायचे असल्यास शल्यतंत्रातील पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या आणि भूल, निर्जंतुकीकरण व तातडीच्या उपचारांची सोय असलेल्या ठिकाणीच जावे. पदवीशिवाय इंजेक्शन देऊन किंवा अज्ञात द्रव लावून मोड पाडणाऱ्यांकडे गेल्यामुळे गुदद्वार कायमचे आकसणे, पू होणे आणि शौचावरील ताबा जाणे, असे परिणाम होऊ शकतात. तपासणीविना उपचार सुरू करणाऱ्या कोणालाही नम्रपणे नकार द्यावा.

चालू असलेली सर्व औषधे वैद्याला दाखवावीत, विशेषतः रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या. त्या स्वतःहून बंद करू नयेत. यकृताचा जुना विकार, एचआयव्ही, अनियंत्रित मधुमेह, हृदयविकार आणि आतड्यांचा दाह यांची माहिती द्यावी, कारण या स्थितींत क्षार आणि शस्त्र यांचा धोका वाढतो. गर्भारपणात मोड होणे सामान्य आहे. तेव्हा इसबगोल, आहार, पाणी आणि कोमट शेक यांवरच भर द्यावा. एरंडेल, सोनामुखी, हिरडा आणि तीक्ष्ण औषधे टाळावीत, आणि स्त्रीरोगतज्ज्ञांना न सांगता काहीही घेऊ नये. बाळंतपणानंतर काही आठवड्यांत यातील बरेच मोड आपोआप ओसरतात.

पहिले चार आठवडे

पहिल्या आठवड्यात तपासणी, शौचाच्या सवयी, पाणी, इसबगोल आणि शेक, एवढेच सुरू करावे. औषधांची भर एकाच वेळी घातल्यास कशाने बरे वाटले आणि कशाने त्रास झाला, हे कळत नाही. दुसऱ्या आठवड्यापासून वैद्याने प्रकार ठरवून दिलेले औषध आणि मानवत असल्यास ताक सुरू करावे. एका वहीत रोज तीन गोष्टी लिहाव्यात: शौच खडा, मऊ की पातळ, रक्त किती आणि कसे, मोड बाहेर आले का, आणि आले असल्यास आपोआप गेले की ढकलावे लागले. पुढच्या भेटीत वैद्याला ही वही आठवणीने सांगितलेल्या माहितीपेक्षा कितीतरी अधिक उपयोगी पडते.

योग्य उपचारात बहुधा कुंथणे आधी थांबते, मग रक्त कमी होते आणि मोड सर्वांत शेवटी आकसतात. तीन-चार दिवसांत रक्त थांबले म्हणून पथ्य सोडणाऱ्यांचा त्रास काही आठवड्यांत परततो, कारण सूज उतरली असली तरी गाद्यांना धरणारे धागे इतक्या लवकर सावरत नाहीत. उलट चार आठवड्यांनंतर वहीतील रक्ताच्या नोंदी कमी झाल्या नसतील, तर औषध बदलण्याआधी प्रॉक्टोस्कोपने पुन्हा तपासणी करून घ्यावी.